३.३ टक्क्यांचा करार: दक्षिण कोरियातल्या देजॉनमधल्या एका इंग्रजी टीचरची पूर्ण केस

ही केस माझी नाही, आमच्या लॅबमधल्या एका सीनिअर दादाच्या बायकोची आहे: 'फ्रीलान्सर' म्हणून लावलेल्या टीचरने नोकरी सोडतानाचे हक्काचे पैसे कसे मिळवले त्याची. मी त्यांना वहिनी म्हणतो, इथेही तेच म्हणेन. त्यांना विचारूनच लिहितोय आणि हागवॉनचं नाव लिहायचं नाही असं ठरलंय. मी यात शिरलो कारण माझं कोरियन बरं आहे आणि लेबर ऑफिसमध्ये त्यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून बसलो होतो.

हागवॉन म्हणजे कोरियातले प्रायव्हेट क्लासेस. आपल्याकडे दहावी-बारावीला क्लास लावतात, इथे पोरगं बालवाडीत असल्यापासून लावतात, आणि इंग्रजीचे हागवॉन तर दर दोन बिल्डिंगला एक. परदेशी टीचर साधारण ई-२ व्हिसावर येतात, आणि तो हागवॉनसाठी सात देशांच्या लोकांनाच मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारात आपल्या लोकांसाठी एक खिडकी ठेवलीय, पण ती शाळेत असिस्टंट टीचर म्हणून, इंग्रजीची डिग्री आणि शिक्षकाचं सर्टिफिकेट दोन्ही असेल तर. वहिनींचा मार्ग वेगळा होता. दादाला एफ-५ म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी आहे, त्यावर बायकोला एफ-२ मिळाला आणि त्या व्हिसावर नोकरीला आडकाठी नाही. त्यामुळे व्हिसा मालकाच्या हातात नव्हता, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण ई-२ वाल्याला मधेच नोकरी बदलायची तर जुन्या मालकाची संमती लागते आणि तिथेच बरेच जण गप्प बसतात.

तर वहिनी मार्च २०२२ ला लागल्या. कोरियाचं शाळेचं वर्ष १ मार्चला सुरू होतं म्हणून करारही बरेचदा १ मार्च ते फेब्रुवारीअखेर असे असतात. सुरुवातीला महिना २२ लाख वॉन, दुसऱ्या वर्षापासून २४ लाख. (आकडा ऐकून कोणी दचकू नका, एका रुपयाला तेव्हा सोळा-सतरा वॉन पडायचे, म्हणजे दीड लाख रुपयांच्या खालीच.) करार दोन पानांचा, एका बाजूला कोरियन, एका बाजूला मोडकंतोडकं इंग्लिश. त्यात तीन गोष्टी होत्या ज्यावर पुढे सगळं अडलं. एक, टीचर 'फ्रीलान्सर' आहे आणि पगारातून ३.३ टक्के कापले जातील. दोन, महिन्याच्या रकमेत 'थ्वेजिकगम' (नोकरी सोडतानाचे पैसे) धरलेला आहे. तीन, वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर टीचरने २० लाख वॉन भरायचे.

वहिनींनी सही केली. मी त्यांना नंतर विचारलं की ३.३ काय आहे ते विचारलं नाहीत का, तर त्या म्हणाल्या, "अरे पुण्यात क्लासमध्ये शिकवायचे तेव्हा तर दहा टक्के कापायचे, प्रोफेशनल फी म्हणून. इथे साडेतीन सुद्धा नाहीत, मला वाटलं छान आहे." यात त्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे क्लासवाले सर्रास प्रोफेशनल फीचा टीडीएस कापतात, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि शिकवणाऱ्यांनाही त्याची सवय झालेली असते. तोच चष्मा लावून त्यांनी हा करार वाचला.

आता हे ३.३ म्हणजे नेमकं काय. कोरियात पगारदार माणसाचा टॅक्स सरकारी तक्त्याप्रमाणे कापतात आणि त्याबरोबर चार विमे असतात, त्यांना एकत्रितपणे 'सादे बोहम' म्हणतात: नॅशनल पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स, एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स आणि कामावरच्या अपघाताचा विमा. पहिल्या तिन्हीत मालक आणि कामगार दोघंही भरतात, चौथा पूर्ण मालकाचा. याउलट जो स्वतंत्र धंदेवाला आहे त्याला पैसे देताना फक्त ३ टक्के इन्कम टॅक्स आणि त्याच्या दहा टक्के म्हणजे ०.३ स्थानिक टॅक्स कापायचा, झाले ३.३. मालकाच्या दृष्टीने गंमत अशी की ३.३ लिहिलं की त्याचा विम्यांमधला वाटा वाचतो, थ्वेजिकगम वाचतो, रजा वाचते. टीचरला मात्र दर महिन्याला हातात जास्त पैसे दिसतात म्हणून ती खूश.

वहिनींचं २०२४ चं गणित मी बसून मांडलं, कारण मला स्वतःलाच उत्सुकता होती. २४ लाखावर ३.३ टक्के म्हणजे महिन्याला ७९,२०० वॉन. पगारदार असत्या तर पेन्शन ४.५ टक्के म्हणजे १,०८,०००, हेल्थ ३.५४५ टक्के म्हणजे ८५,०८०, त्यावर वृद्धसेवेचा अधिभार साधारण ११,०००, एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स ०.९ टक्के म्हणजे २१,६००. एकूण सव्वादोन लाखाच्या किंचित वर. शिवाय थोडासा इन्कम टॅक्स. म्हणजे वरवर बघता फ्रीलान्सर असणं महिन्याला दीड लाखाने स्वस्त. त्यात मे महिन्यात धंदेवाल्यांचं रिटर्न भरायचं असतं, तिथे हागवॉनच्या टीचरला हिशोबाच्या वह्या न ठेवता ६१.७ टक्के रक्कम सरसकट खर्च म्हणून वजा मिळते (वर्षाची जमा मर्यादेत असेल तर). वर्षाच्या २ कोटी ८८ लाख वॉनमधून ते गेले, स्वतःची १५ लाखांची ठरलेली सूट गेली, उरलेल्यावर ६ टक्के, आणि उलट चार लाखाच्या आसपास रिफंड आला. वहिनींनी त्या रिफंडमधून आम्हा सगळ्यांना सामग्योपसाल खाऊ घातलं होतं, म्हणून मला चांगलं आठवतंय.

पण नोव्हेंबर २०२३ मध्ये आरोग्य विम्याचं पत्र आलं होतं, आणि ते त्यांनी दादाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं होतं. तोपर्यंत त्या दादाच्या विम्यावर डिपेंडंट होत्या, फुकट. नियम असा की दुकान-धंद्याची नोंदणी नसलेल्या माणसाचं धंद्याचं निव्वळ उत्पन्न वर्षाला ५० लाख वॉनच्या वर गेलं की तो डिपेंडंट राहत नाही. २०२२ चं त्यांचं खर्च वजा जाता उत्पन्न ८० लाखाच्या वर होतं, त्यामुळे टॅक्स ऑफिसकडून माहिती विम्याकडे गेली आणि नोव्हेंबरपासून त्यांच्या नावाने वेगळा हप्ता लागला. परदेशी माणसाला अशा वेळी किमान सरासरी हप्ता तरी लागतोच, तो साधारण दीड लाख वॉन होता. आता तुलना करा. त्या दीड लाखात फक्त हेल्थ. पगारदाराच्या सव्वादोन लाखातले पेन्शनचे १,०८,००० बाजूला काढले तर बाकीचे विमे सव्वा लाखाच्या आत बसत होते! आणि पेन्शन म्हणजे स्वतःचीच बचत, त्यात मालकाचा तितकाच वाटा वर होता. इन्कम टॅक्सही मी दोन्ही पद्धतींनी काढून बघितला तर वर्षाचा साडेचार-पाच लाखाच्या आसपास, बरोबरीतच. चार लाखाचा तो रिफंड म्हणजे काही बक्षीस नव्हतं, त्यांचेच जास्त कापलेले पैसे होते.

म्हणजे ३.३ स्वस्त होतं ते फक्त पहिल्या पावणेदोन वर्षांपुरतं, हप्ता लागेपर्यंत.

फेब्रुवारी २०२५ ला करार संपत होता. दादा-वहिनींचं जूनमध्ये पुण्याला परत जायचं ठरलं होतं, मुलीच्या शाळेसाठी. वहिनींनी जानेवारीतच रीतसर सांगितलं की रिन्यू करणार नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर शिकवणाऱ्या कॅनडाच्या मुलीने विचारलं की तुला थ्वेजिकगम किती मिळणार, आणि वहिनींना तो शब्द करारातला म्हणून आठवला पण अर्थ माहीत नव्हता. तिथून ही केस सुरू झाली म्हणायची.

थ्वेजिकगम म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, आपल्या ग्रॅच्युइटीची चुलत बहीण, पण जास्त उदार. आपल्याकडे कायम नोकरीत पाच वर्षं लागतात आणि वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, इथे एकच वर्ष पूर्ण केलं की वर्षाला तीस दिवसांचा, शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीने. सोडल्यापासून १४ दिवसांत द्यायची. राजीनामा दिला काय, काढलं काय, करार संपला काय, फरक पडत नाही. वहिनींचे तीन वर्षांचे दिवस १०९६, डिसेंबर ते फेब्रुवारी ९० दिवसांचा पगार ७२ लाख, म्हणजे दिवसाला ८० हजार, गुणिले ३०, गुणिले १०९६ भागिले ३६५. आले ७२ लाख वॉनच्या थोडे वर. रुपयात सव्वाचार लाखाच्या पुढे. पहिल्या वर्षी पगार २२ लाख होता तरी हिशोब शेवटच्या पगारानेच होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

वहिनींनी वॉनजांगनिमना, म्हणजे हागवॉनच्या संचालिकेला, साध्या भाषेत मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं, तू फ्रीलान्सर आहेस, करार वाच. आणि खाली एक हसरा स्टिकर. मला वाटतं तो स्टिकर पाठवला नसता तर वहिनी कदाचित गप्प बसल्या असत्या.

कायद्याच्या बाजूने बघायचं तर ही गोष्ट कोरियात कधीच सुटलेली आहे. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशाच्या क्लासमधल्या शिक्षकांच्याच केसमध्ये सांगितलं की कराराचं नाव काय आहे ते बघायचं नाही, प्रत्यक्षात माणूस मालकाच्या हाताखाली पगारासाठी राबत होता का ते बघायचं. कामाचं स्वरूप कोण ठरवतं, वेळ आणि जागा कोण ठरवतं, साहित्य कोणाचं, बदली माणूस पाठवता येतो का, नफा-तोट्याची जोखीम कोणाची. आणि पुढे एक फार शहाणपणाची गोष्ट म्हटली: ठरलेला मूळ पगार आहे की नाही, टॅक्स पगाराचा कापला की धंद्याचा, विमे भरले की नाही, या गोष्टी मालक आपल्या वजनाच्या जोरावर मनाला येईल तशा ठरवू शकतो, त्यामुळे त्या नाहीत एवढ्यावरून माणूस कामगार नाही असं म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये त्याच कोर्टाने परदेशी इंग्रजी टीचरांच्या बाबतीतही हेच धरलं, त्यांचेही ३.३ च कापले जात होते. म्हणजे मालकाने स्वतः चिकटवलेलं लेबल मालकालाच ढाल म्हणून वापरता येत नाही.

पण कोर्टाचा निकाल असणं आणि आपल्या हातात पुरावा असणं वेगळं. वहिनींच्या सुदैवाने त्या काही डिलीट करत नाहीत. काकाओटॉकच्या, म्हणजे इथल्या व्हॉट्सअॅपच्या, ग्रुपवर तीन वर्षांचे मेसेज होते: वर्ग तीनला असले तरी दोनला हजर राहायचं, आठवड्याचा लेसन प्लॅन रविवारी रात्रीपर्यंत पाठवायचा, सुट्टी हवी तर दोन आठवडे आधी विचारायचं, बाहेर शिकवण्या घ्यायच्या नाहीत, हॅलोवीनला कॉस्च्युम घालून यायचं. पुस्तकं हागवॉनची. येण्याजाण्याच्या वेळा फिंगरप्रिंट मशीनवर. पोरं दहा असोत की पन्नास, पगार तोच. एकदा वहिनींना ताप होता तेव्हा त्यांनी ओळखीच्या बाईंना पाठवू का विचारलं होतं, त्यावर वॉनजांगनिमचं उत्तर "नाही, तूच ये". हा एक मेसेज, माझ्या मते, करारापेक्षा जड ठरला.

त्याच हागवॉनमधल्या एका कोरियन गणिताच्या सरांचं मात्र वेगळं होतं. ते पोरांच्या फीमधला अर्धा हिस्सा घ्यायचे, वेळ स्वतः ठरवायचे, पोरं कमी झाली की त्यांचे पैसे कमी. त्यांनी तक्रार केली असती तर ती टिकली असती याची मला खात्री वाटत नाही. ३.३ तेच, करारही बहुतेक तसाच, पण रोजचं काम वेगळं.

१४ दिवस संपले १४ मार्चला. त्यानंतर आम्ही लेबर ऑफिसला तक्रार टाकली, तिला 'जिनजंग' म्हणतात. फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइनही होते पण फॉर्म कोरियनमध्ये. १३५० हा लेबरच्या हेल्पलाइनचा नंबर, शंका विचारायला बरा. तीन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, नाहीतर हक्क जातो. एप्रिलमध्ये इन्स्पेक्टरने दोघींना बोलावलं, एका टेबलाच्या दोन बाजूंना, मी वहिनींच्या शेजारी.

वॉनजांगनिम तयारीने आल्या होत्या. पहिला मुद्दा करार. इन्स्पेक्टरने करार उलटासुलटा केला आणि बाजूला ठेवला. दुसरा मुद्दा मला खरंच अवघड वाटला होता: ही बाई दर वर्षी मे महिन्यात धंदेवाली म्हणून रिटर्न भरते, ६१.७ टक्के खर्च दाखवून रिफंड घेते, आणि आता म्हणते मी कामगार. ऐकायला चोख आहे. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत इन्स्पेक्टर म्हणाले की धंद्याचा टॅक्स तुम्हीच कापलात, मग तिने दुसरं कुठलं रिटर्न भरायचं होतं? बस. तिसरा मुद्दा, थ्वेजिकगम महिन्याच्या पगारात धरलेला होता. यावरही २०१० चा सुप्रीम कोर्टाचा मोठ्या बेंचचा निकाल आहे: नोकरी चालू असताना महिन्यामहिन्याला थ्वेजिकगम वाटून दिला असं म्हणणं हे थ्वेजिकगम देणं होत नाही. मात्र तिथे मालकाला एक पळवाट आहे, खरोखर वेगळी रक्कम ठरवून दिलेली असेल तर ती परत मागता येते. वहिनींच्या पगाराच्या स्लिपवर एकच ओळ होती, २४ लाख, बाकी काही नाही. स्लिपवर आणखी एक ओळ छापली असती तर केस बरीच किचकट झाली असती.

मग शेवटचं अस्त्र. कामगार म्हणायचं असेल तर तीन वर्षांचे चारही विमे मागे जाऊन भरावे लागतील, तिचा वाटा मी थ्वेजिकगममधून कापून घेते. वहिनी इथे घाबरल्या. इन्स्पेक्टर म्हणाले विम्यांचा हिशोब विम्यांच्या ऑफिसशी, थ्वेजिकगम पूर्णच द्यायचा, त्यातून परस्पर वळतं करता येत नाही. आणि सहज सांगितल्यासारखं सांगितलं की न देणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्या वाक्यानंतर दहा मिनिटांचा ब्रेक झाला.

ब्रेकनंतर तडजोड. पूर्ण ७२ लाख, दोन हप्त्यांत, एप्रिलअखेर आणि मेअखेर, आणि दुसरा हप्ता आला की वहिनी तक्रार मागे घेणार. मी या तडजोडीवर नाराज होतो आणि अजूनही आहे. १४ दिवसांनंतर वर्षाला २० टक्क्यांनी व्याज लागतं, ते सोडलं. पाचपेक्षा जास्त लोक कामाला होते, म्हणजे वर्षाला १५ दिवसांची पगारी रजा लागू होती, तिचे न दिलेले पैसे सोडले. पेन्शनचा विषयच काढला नाही. त्या कॅनडाच्या मुलीला देश सोडताना पेन्शनचे स्वतःचे आणि मालकाचे दोन्ही भाग परत मिळणार होते, कारण तिने लागतानाच भांडून पगारदार म्हणून नोंद करून घेतली होती. त्याच हागवॉनमध्ये! वहिनींचं म्हणणं वेगळं, त्या म्हणाल्या, "मला जूनमध्ये जायचंय, सामान बांधायचंय, ह्यांची नोकरी अजून महिनाभर इथे आहे, मला रोज सकाळी उठून हे नको." त्यांचं आयुष्य, त्यांचा निर्णय. आणि तडजोड झाली नसती तर पुढे काय हेही खरं होतं. मालकाने दिलंच नाही तर लेबर ऑफिस थकबाकीचा दाखला देतं, त्यावर फुकट कायदेशीर मदत मिळते आणि सरकार ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे आधी देऊन मालकाकडून वसूल करतं, पण त्यात महिने जातात आणि त्या तर पुण्यात असत्या.

करारातला तो २० लाखाचा दंड कोणी वापरलाच नाही, कारण त्यांनी वर्ष पूर्ण केलं होतं. पण अशी आधीच ठरवलेली भरपाई तिथल्या कामगार कायद्याच्या कलम २० मध्ये चालतच नाही. पहिल्या हिवाळ्यात त्यांना सोडायचं होतं आणि त्या ओळीला घाबरून राहिल्या होत्या, हे मला एप्रिलमध्ये कळलं.

आता भारताची बाजू. पुण्यातल्या सीए काकांना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न पैशांबद्दल नव्हताच, "तू गेलीस कधी आणि दर वर्षी किती दिवस येऊन राहतेस?" हप्ते एप्रिल आणि मे मध्ये, म्हणजे भारताचं २०२५-२६ हे आर्थिक वर्ष, आणि जूनमध्ये परत आल्यावर त्या वर्षात त्यांचे १८२ दिवसांहून जास्त भारतात होणार, म्हणजे रेसिडेंट. पूर्ण रेसिडेंट ठरल्या तर कोरियात मिळालेले ते पैसे भारतातही उत्पन्नात दाखवायचे, मग तिथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, त्यासाठीचा फॉर्म ६७, परदेशी खात्यांचं शेड्यूल, सगळं आलं. पण मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिलं असेल तर माणूस रेसिडेंट असूनही 'नॉट ऑर्डिनरिली' गटात जातो, आणि परदेशात केलेल्या कामाचे परदेशातच मिळालेले पैसे भारतात करपात्र होत नाहीत. त्या ऑगस्ट २०१९ ला गेल्या होत्या. काकांनी पासपोर्टवरचे सगळे शिक्के मागवले आणि बेरीज केली, साडेसहाशेच्या आसपास. दोन-तीनच वर्षं परदेशी शिकवून परत येणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सही करून जाणाऱ्यांनी जायची-यायची तारीखही जरा कॅलेंडर बघून ठरवावी, कारण १ मार्चला सुरू होणारा करार आणि ३१ मार्चला संपणारं आपलं वर्ष यात पहिल्या महिन्याचा पगार तसाही भारतातल्या रेसिडेंट वर्षातच अडकतो.

दुसरा हप्ता ३० मे ला आला. आठवड्याने हागवॉनच्या अकाउंटंटकडून थ्वेजिकगमवर कापलेल्या टॅक्सची पावती आली, टॅक्स अगदी किरकोळ. काकांना फाइलसाठी ती हवी होती म्हणून मी बसून मराठीत उतरवून देत होतो. छापील फॉर्म आहे, त्यात नोकरीला लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख असे रकाने असतात. नोकरीला लागल्याची तारीख: १ मार्च २०२२. खाली हागवॉनचा लाल शिक्का. वहिनींनी तेवढाच भाग मोबाइलवर झूम करून दादाला दाखवला आणि पावती भांड्यांच्या खोक्यात नको, हँडबॅगमध्येच ठेवते म्हणाल्या.